दुखवट्याला कुणी येत नाही अशी दुःखं

मागच्या अंकात वारस नोंद, विमा, पेन्शन यांबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत बरीच अशी निघाली की त्यांत कुणी वारलेलंच नव्हतं, किंवा वारलं होतं पण त्याची मोजदाद कुणी करत नव्हतं. या वेळी त्यांतली पाच पत्रं घेते. ओळख पटू नये म्हणून सगळ्यांचे तपशील बदलले आहेत.

आपल्याकडे घरात माणूस गेलं की काय करायचं हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगावं लागत नाही. चूल पेटलेली नसते, म्हणून कुणीतरी पिठलं-भाकरी आणून ठेवतं. मातीला माणसं जमतात, मग सावडायला, दहाव्याला, तेराव्याला. वर्षानुवर्षं न बोलणारी भावकीसुद्धा दारात येऊन बसते. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून काम करताना माझ्या लक्षात येत गेलं की या येण्याजाण्याने घरच्यांना फार मोठा आधार होतो. ज्या दुःखाच्या वाट्याला हे येणंजाणं येत नाही, ते घेऊन माणसं आमच्या टेबलाशी यायची, आणि तीही दुसऱ्याच कुठल्या तरी कामासाठी. केसपेपरवर सही हवी, योजनेचा फॉर्म हवा, गावी जायला एसटीचे पैसे हवेत. म्हणून आपल्या समाजकार्यातला पहिला प्रश्न मला नेहमी हाच वाटतो : या माणसाचं काय गेलंय, आणि ते गेलंय हे आणखी कुणाला माहीत आहे?

प्रश्न : मॅडम, मी एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या पदव्युत्तर शिक्षणाच्या) दुसऱ्या वर्षाला आहे. माझं फील्डवर्क कर्करोग रुग्णालयात चालू आहे. चाळिशीतल्या एका पेशंटच्या पत्नीशी मी बोलते. पेशंटच्या जबड्याचं ऑपरेशन झालंय, पण आजार पसरलाय, आणि डॉक्टरांनी ते तिला सांगितलंय. ती शोकाच्या पाच टप्प्यांपैकी कुठल्या टप्प्यात आहे हे मला रेकॉर्डिंगमध्ये, म्हणजे भेटीच्या लेखी नोंदीत, लिहायचंय. सकाळी ती शेजारच्या खाटेवरच्या बाईशी हसत असते, दुपारी फोनवरून मुलाच्या फीचं बघते, संध्याकाळी जिन्यात बसून रडते. मला टप्पाच सापडत नाही. शिवाय नवरा अजून आहे, मग याला शोक म्हणायचं का? — विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : तू तिला नीट पाहते आहेस, म्हणूनच टप्पा सापडत नाहीये. रेकॉर्डिंगमध्ये तू मला लिहिलंस तेच लिही : सकाळी काय, दुपारी काय, संध्याकाळी काय. त्यापुढे कंसात टप्प्याचं नाव टाकायची गरज नाही.

हे पाच टप्पे आले कुठून हे तुझ्या सुपरवायझरांशी बोलताना उपयोगी पडेल. एलिझाबेथ कुब्लर-रॉस या मानसोपचारतज्ज्ञ शिकागोच्या रुग्णालयात बऱ्या न होणाऱ्या रुग्णांशी बोलत असत. नकार, राग, घासाघीस, खिन्नता आणि स्वीकार ही मांडणी त्यांनी १९६९ साली केली, आणि ती स्वतःच्या मरणाला सामोऱ्या जाणाऱ्या माणसांबद्दल होती. मागे राहणाऱ्या नातेवाइकांना ही पाच नावं पुढे सरसकट लावली गेली. त्या बाईंचं मोठं काम वेगळंच होतं. ज्या काळात रुग्णाला त्याचा आजारही सांगत नसत, त्या काळात त्या त्याच्या खाटेशी बसल्या आणि त्यालाच विचारलं. आपण त्यांच्याकडून तेवढं घेतलं तरी पुष्कळ आहे.

तुझ्या बाईंचं दिवसभराचं वागणं समजायला मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शुट या नेदरलँड्समधल्या दोन अभ्यासकांची १९९९ सालची मांडणी जास्त कामाची आहे. ते म्हणतात, शोकातला माणूस दोन बाजूंमध्ये सतत ये-जा करतो. एका बाजूला जे गेलं त्याचं दुःख, दुसऱ्या बाजूला जे चालवायचं आहे ते : फी, किराणा, गॅस, नवी कामं शिकणं. ही ये-जा चालू असणं हेच निरोगीपणाचं लक्षण. तेव्हा फीचा फोन हा 'नकार' नाही. ती बाई रडण्यातून उठून फी भरते आणि फी भरून झाल्यावर परत रडते, यात काहीही चुकीचं नाही. एका बाजूला कुणी कायमचं अडकून पडलं, तर मात्र आपण लक्ष घालायचं.

आता तुझा दुसरा प्रश्न. नवरा असतानाही शोक असतो. एरिक लिंडेमन यांनी १९४४ साली शोकावर जो लेख लिहिला, त्याला बॉस्टनमधल्या एका नाइटक्लबच्या आगीची पार्श्वभूमी होती. त्या आगीत १९४२ साली जवळजवळ पाचशे माणसं गेली होती. पण त्याच लेखात त्यांनी युद्धावर गेलेल्यांच्या घरच्यांबद्दलही लिहिलं आहे. एका सैनिकाच्या बायकोने तो गेला असं धरून मनातल्या मनात इतका शोक केला, की तो धडधाकट परत आला तेव्हा तिच्या मनात त्याला जागाच उरली नव्हती. तिने घटस्फोट मागितला. म्हणून "आधीच मनाची तयारी करून घ्या" असं नातेवाइकांना फार सहज सांगू नये असं माझं मत आहे. तयारी करता करता माणूस हातातला वेळही सोडून देतो.

विदर्भात खर्ऱ्यामुळे (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणामुळे) जबड्याचे किती पेशंट येतात ते तू वॉर्डात पाहतेच आहेस. त्या ऑपरेशननंतर कित्येकांचं बोलणं समजेनासं होतं, खाणं नाकातल्या नळीतून. म्हणजे बायकोचं काय काय आधीच गेलंय ते मोज. त्याचा आवाज गेला. त्याच्यासाठी भाजी करणं गेलं, आता मिक्सरमधून काढून गाळायचं. त्याची मजुरी गेली. रात्रीची झोप गेली. आमच्या वॉर्डातली एक बाई दुपारी नवरा झोपला की व्हरांड्यात जाऊन मोबाइल कानाला लावायची. मला वाटलं गावी बोलते. एकदा तिने तो माझ्या कानाला लावला. नवऱ्याचा जुना व्हॉइस मेसेज होता : "येताना कोथिंबीर आण, दहाची." एवढाच. आवाज गेला त्याचं दुःख ती करत होती, आणि नवरा समोर असताना त्याबद्दल कुणाजवळ बोलायचीही तिला चोरी होती. तुझ्या बाईंना टप्प्याबद्दल काही विचारू नकोस. "तुम्हाला त्यांचं काय आठवतं हो?" असं विचार, आणि त्या बोलू लागल्या की घड्याळाकडे बघू नकोस.

प्रश्न : ताई, सहा वर्षांपूर्वी माझे मिस्टर कंपनीत जातो म्हणून सकाळी गेले ते परत आले नाहीत. मिसिंगची तक्रार दिली आहे. रेल्वे स्टेशनं, हॉस्पिटलं, शिर्डी, पंढरपूर, कुणी सांगेल तिथे शोधलं. सासूबाई म्हणतात, मंगळसूत्र काढायचं नाही, माझा मुलगा येणार. बहीण म्हणते, अजून किती वर्षं घालवणार. मुलाच्या शाळेच्या फॉर्मवर वडील हयात की मयत विचारतात. वटपौर्णिमेला शेजारणी बोलावतात, पण माझ्याशी बोलताना आवाज बदलतो. पितृपक्षात मला काही करता येत नाही. मी स्वतःला काय समजू? — एक वाचक, रायगड जिल्हा

उत्तर : तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुमच्यासारख्या बायकांशी बोलून त्यांचं दुःख जगापुढे मांडणाऱ्या एका अमेरिकन समुपदेशक बाई आहेत, पॉलिन बॉस. व्हिएतनामच्या युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांबरोबर १९७०च्या दशकात त्यांनी काम केलं. ना मृतदेह, ना परत येणं, ना कुणी खात्रीने सांगणारं, अशा वियोगाला त्यांनी संदिग्ध वियोग म्हटलं आणि सांगितलं की सगळ्या प्रकारच्या वियोगांत सहन करायला हा सर्वांत कठीण. आणि तो कठीण का, तर त्याचं कारण परिस्थितीत असतं. तुमचं मन कमकुवत आहे म्हणून हे होत नाहीये. सहा वर्षांनंतरही दाराची कडी वाजली की तुमच्या पोटात गोळा येत असेल, तर तसं होणारच.

तुमच्याच जिल्ह्यात १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ माणसं मिळालीच नाहीत. पाऊस, चिखल आणि अवघड चढ पाहून चौथ्या दिवशी शोध थांबवावा लागला. त्या ५७ जणांच्या घरच्यांनाही देह मिळाला नाही, पण डोंगर कुठला, रात्र कुठली हे ठाऊक आहे. सगळ्या वाडीचं दुःख एक आहे. तुम्हाला जागाही नाही, तारीखही नाही आणि सोबत रडणारं गावही नाही. म्हणून बाकीच्यांना तुमचं दुःख दिसत नाही, आणि ज्यांना दिसतं ते घाबरून आवाज बदलतात.

"तो येणार" आणि "तो येणार नाही" यांतलं एक निवडा, असं सगळे तुम्हाला सांगताहेत. तुम्ही निवडायची गरज नाही. "कदाचित येतील, कदाचित नाही, आणि तोवर मला माझं आणि मुलाचं चालवायचं आहे" हे तिन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. ते एकदा मोठ्याने, मुलासमोर म्हणून बघा. मुलालाही बहुधा असंच वाटत असेल, पण तो आजीसमोर एक आणि मावशीसमोर दुसरं बोलत असेल.

सासूबाईंबद्दल रागाने लिहिलं नाहीत याचं मला फार कौतुक वाटलं. तुमच्या गळ्यातलं मंगळसूत्र ही त्यांच्याकडे मुलगा असल्याची उरलेली एकच खूण आहे. ते तुम्ही काढलंत तर त्यांच्या लेखी मुलगा त्या दिवशी जाईल. एकाच घरात दोघी एकाच माणसासाठी झुरता आहात, पण दोघींची घड्याळं वेगळी चालताहेत. मंगळसूत्राचा विषय सध्या तसाच राहू द्या आणि त्यांना दुसरंच विचारा : "तो लहान असताना कसा होता?" घरात त्याच्याबद्दल बोलायला "येईल की नाही" सोडून आणखी काही विषय असू द्या.

पितृपक्षाचं म्हणाल, तर आपल्या रूढीतही बेपत्ता माणसाचा विचार केलेला आहे. बारा वर्षं वाट पाहून पळसाच्या पानांची प्रतिमा करून तिचे संस्कार करायचे, त्याला पालाशविधी म्हणतात. तो तुम्ही करावा असं मी सुचवत नाही. ज्यांनी तो घातला त्यांना देहावाचून शोक किती अवघड असतो हे ठाऊक होतं, एवढंच सांगायचं आहे. तोपर्यंत त्यांच्या वाढदिवसाला मुलाला घेऊन त्यांच्या आवडीचं काही करता येईल, कुणाला जेवू घालता येईल. त्यासाठी ते हयात की मयत हे ठरवावं लागत नाही.

आता कागद. ज्यांना एरवी खबर लागली असती त्यांना सात वर्षं माणसाची काहीच खबर नसेल, तर तो मरण पावला असं कायदा गृहीत धरतो. १८७२ च्या पुरावा कायद्यात ही तरतूद कलम १०८ मध्ये होती, आणि आता लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती कायम आहे. मात्र हे आपोआप होत नाही. दिवाणी न्यायालयात दावा करून तसं जाहीर करून घ्यावं लागतं. त्यासाठी मिसिंगच्या तक्रारीची प्रत जपून ठेवा आणि तपास होऊनही शोध लागला नाही असं पोलीस ठाण्याकडून लेखी मागून घ्या. त्यांच्या नावावर विम्याची पॉलिसी असेल तर हप्ते थांबवू नका. सात वर्षांनी कायदा धरतो ते फक्त मरण. मरणाची तारीख कायदा गृहीत धरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली एका विमा प्रकरणातच स्पष्ट केलं, आणि हप्ते बंद पडलेल्या त्या कुटुंबाला पैसे मिळाले नाहीत. दुसरं लग्न करायचं तुम्ही कधी ठरवलंत, तर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात सात वर्षं खबर नसणं हे घटस्फोटाचं स्वतंत्र कारण आहे. न्यायालयाचा हुकूम हातात येईपर्यंत मात्र लग्न करू नका. वकिलाच्या पैशांची काळजी नको. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला तिचं उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. अलिबागला न्यायालयाच्या आवारात चौकशी करा.

आणि शाळेच्या फॉर्मवर दोन्ही खुणा न करता 'बेपत्ता' असं लिहा, तक्रारीची झेरॉक्स जोडा आणि मुख्याध्यापकांना मुलाच्या गैरहजेरीत एकदा भेटून या. वर्गात त्याला उभं करून विचारलं जाऊ नये, एवढं त्यांच्याकडून कबूल करून घ्या.

प्रश्न : मी आशा कार्यकर्ती आहे. माझ्या पाड्यातल्या एका बाईला नववा महिना भरून मेलेलं बाळ झालं. दीर आणि नवऱ्याने ते तसंच नेऊन पुरलं, तिला दाखवलंही नाही. बाया म्हणतात, पुढच्या वर्षी दुसरं होईल, रडू नको. बाळाच्या गृहभेटी असतात तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी. पण बाळच नाही म्हणून माझ्या रजिस्टरला भेट नाही. मी गेले तर काय बोलू? तिचं दूध वाहतंय. — आशा, नंदुरबार जिल्हा

उत्तर : ताई, जा. रजिस्टरला रकाना नसला तरी ती बाळंतीण आहेच.

आधी दुधाचं. गार पाण्यात पिळलेलं फडकं छातीवर ठेवायला सांगा, अंगाशी नीट बसणारं पण न आवळणारं कापड वापरू द्या. फार ठणकलं तर आराम पडेल इतपतच काढावं. पूर्ण रिकामं केलं की आणखी येतं. ताप आला, गाठ लाल होऊन दुखू लागली, अंगावरून जास्त जाऊ लागलं, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. शरीराला बाळ गेल्याचं कळलेलं नसतं, आणि छातीशी दूध येतं तेव्हा त्या बाईवर काय गुजरते हे तिच्या सासूलाही समजावून सांगा. घरात ते सांगणारं दुसरं कुणी नाही.

मग तिच्याजवळ बसा आणि बाळाबद्दल विचारा. पोटात कसं हलायचं, नाव काही मनात होतं का, मुलगा होता की मुलगी हे तरी तिला कुणी सांगितलं का. पुष्कळ बायांना तेवढंही सांगितलेलं नसतं. बाळ कुठे ठेवलं ते तिला ठाऊक नसेल. नवऱ्याशी वेगळं बोला. त्याच्या हातांनी पुरलं आहे, त्याचंही कुणी विचारलेलं नाही. तिची इच्छा असेल तर ती जागा तिला दाखवून आणायला त्याला सांगा. तिची इच्छा नसेल तर आग्रह नको. पुन्हा कधी असा प्रसंग आला तर बाळाला नेण्याआधी आईला एकदा विचारावं, पाहायचंय का. काहींना पाहायचं असतं, काहींना नसतं, पण विचारायला हवं.

केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ साली अशा दुःखांबद्दल लिहिलं, ज्यांवर शोक करायचा हक्कच समाज माणसाला देत नाही. न जन्मलेलं किंवा मेलेलं जन्मलेलं बाळ त्यांतलं एक. गंमत पाहा, १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने 'मूल' या शब्दात मृत जन्मलेलं बाळ स्पष्टपणे धरलं होतं, म्हणजे नोकरीतल्या बाईला अशा वेळी पूर्ण प्रसूती रजा आहे. गर्भपात झाला तर सहा आठवडे. कायद्याने जे बाळ मोजलं ते घरादाराने मोजलं नाही. तुमच्या पाड्यावरची मजुरीला जाणारी बाई या रजेपर्यंत पोचत नाही, आणि पंधरा दिवसांत ती पुन्हा रानात दिसेल. म्हणून तुमच्या भेटीचं मोल जास्त आहे.

प्रश्न : आईला डिमेन्शिया आहे. ती मला तिच्या वारलेल्या भावाच्या नावाने हाक मारते. परवा तिने बाबा कुठे विचारलं म्हणून मी सांगितलं, बाबा जाऊन आठ वर्षं झाली. ती हंबरडा फोडून रडली. घरचे म्हणतात, आई आहे ना, नशीब समजा. — एक वाचक, पुणे

उत्तर : तुमची आई आहे, आणि जिला तुम्ही आई म्हणत होता ती बरीचशी नाही. वर रायगडच्या ताईंना लिहिलं त्याचीच ही दुसरी बाजू. तिथे देह नाही आणि मनात माणूस आहे. इथे देह समोर आहे आणि माणूस दूर जातोय. पॉलिन बॉस यांनी दोन्ही एकत्रच अभ्यासली आहेत. तुम्हाला रडू येतं त्यात आईचा काही अपमान नाही.

बाबा गेल्याचं पुन्हा सांगू नका. ती बातमी तिला दर वेळी नवी असते आणि दर वेळी तितकीच लागते. "बाबांची आठवण येतेय का? ते तुला कुठे भेटले होते गं?" असं म्हणा. जुनं तिच्याजवळ अजून आहे. भावाच्या नावाने हाक मारली तर ओ द्या. आणि आठवड्यातला एक दिवस तिची जबाबदारी घरातल्या दुसऱ्या कुणावर टाका, सगळं एकट्याने करू नका.

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यात एका संस्थेत कार्यकर्ता आहे. शेतकरी आत्महत्या झालेल्या घरांना भेटी देतो. मागच्या महिन्यात एका घराची सरकारी मदतीची केस 'अपात्र' झाली. बाई म्हणाली, "म्हणजे माझा माणूस खोटाच मेला का?" मला उत्तर देता आलं नाही. अकरा वर्षांच्या मुलीला बाबा दवाखान्यात आहेत असं सांगून ठेवलंय. मलाही हल्ली झोप लागत नाही. — एक कार्यकर्ता

उत्तर : दादा, त्या बाईच्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे, आणि ते तुम्ही परत जाऊन द्यावं : तिचा माणूस खराच गेला. पात्र-अपात्र हा शिक्का मदतीच्या अर्जावर आहे. जमीन कुणाच्या नावे, कर्ज बँकेचं की सोसायटीचं की परवानाधारक सावकाराचं, थकलेलं होतं का, वसुलीचा तगादा होता का, एवढंच अर्ज तपासणारी समिती बघते. हातउसने घेतलेले पैसे, बिनपरवाना सावकाराची चिठ्ठी यांत खरी माणसं अपात्र ठरतात. हे तिला सावकाश, कागद समोर ठेवून समजावून सांगा. नकाराचं कारण लेखी मागा आणि एखादा कागद राहून गेला असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयात फेरविचारासाठी अर्ज करा. मदत मंजूर झाली तरी ती एक लाखाची, त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. पैशांपेक्षाही तो शब्द तिला लागला आहे, तेव्हा अर्ज फेटाळला गेला तरी तो केलेला असू द्या.

आत्महत्येच्या घरी लोक येतात, पण दुखवट्याला येतात तसे येत नाहीत. पोलीस पंचनाम्याला, तलाठी चौकशीला, पत्रकार फोटोला, नातेवाईक "असं काय झालं होतं घरात?" विचारायला. प्रत्येकाला कारण हवं असतं आणि ते कारण फिरून फिरून त्या बाईपाशी येतं. त्या घरात तुम्ही तरी कारण विचारू नका. तो माणूस कसा होता ते विचारा. बैलाला काय नावाने हाक मारायचा, कोणतं पीक त्याला जमायचं, मुलीला बाजारातून काय आणायचा.

मुलीला खरं सांगायला हवं, आणि ते आईने किंवा तिच्या जवळच्या माणसाने, तुम्ही शेजारी असताना. "बाबा वारले. त्यांनी फवारणीचं औषध घेतलं. त्यांचं मन फार दुखत होतं आणि त्यांना मदत मागता आली नाही. तुझ्यामुळे झालं नाही." यापेक्षा लांब काही नको. अकरा वर्षांच्या मुलीला शाळेत कुणीतरी आधीच सांगितलेलं असतं. ती आईला जपण्यासाठी माहीत नसल्याचं दाखवत असते. दवाखान्याचं खोटं जितकं लांबेल तितकी ती एकटी पडेल, आणि पुढे घरातलं कुणी साध्या तापाने दवाखान्यात गेलं तरी घाबरेल.

बाईच्या बांगड्या-कुंकवाचं काय झालं तेही बघा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून विधवांच्या अशा प्रथा बंद केल्या, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने बाकीच्या ग्रामपंचायतींनीही तसं करावं असं परिपत्रक काढलं. तुमच्या गावांत तो विषय जरूर काढा. पण या बाईला आधी विचारा, तिला काय हवंय. तिचं नाव घेऊन ग्रामसभेत भाषण व्हायला नको.

शोक कधी आजार होतो असं कार्यकर्ते विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात लांबलेल्या शोकाला स्वतंत्र जागा दिली आहे : किमान सहा महिने उलटूनही ओढ आणि वेदना तितकीच तीव्र आहे, आणि त्यामुळे रोजचं जगणं ठप्प आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी मोठ्या माणसांसाठी हीच मुदत एक वर्षाची धरली आहे. आपल्याकडे वर्षश्राद्धापर्यंतचा काळ दुःखाचाच मानतात, तेव्हा मी एक वर्षाच्या बाजूने आहे. याला एक अपवाद आहे. "मीही त्याच वाटेने जाते" असं कुणी म्हणालं, किंवा घरात औषधाचा डबा अजून तसाच आहे असं दिसलं, तर एक दिवसही थांबायचं नाही. डबा घराबाहेर काढा, जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात घेऊन जा, रात्री-अपरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन लावा. तिथे मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

तोच क्रमांक तुमच्यासाठीही आहे. झोप उडणं तुमच्या कामातून आलं आहे, आणि त्याची जबाबदारी तुमच्या संस्थेची आहे. एका कार्यकर्त्याने लागोपाठ नव्या घरांना पहिली भेट देऊ नये. पहिली भेट कधीही एकट्याने करू नये, आणि महिन्यातून एकदा वरिष्ठांबरोबर केसवर बसायला मिळालंच पाहिजे. त्या बैठकीत फॉर्म किती भरले हे विचारायचं नसतं, तुम्ही काय पाहिलं ते विचारायचं असतं. हे पान संस्थेच्या बैठकीत वाचून दाखवा. आणि त्या बाईकडे पुढची भेट पेरणीच्या आठवड्यात ठेवा. दहावा-तेरावा होऊन गेलेला असेल, येणारे थांबलेले असतील, आणि बियाणं कुणी आणायचं, कुणाकडून उधार घ्यायचं हे तिला पहिल्यांदा एकटीने ठरवायचं असेल. जाताना कृषी सहायकाचा नंबर लिहून न्या.